शॅम्पेनची कीर्ती आणि मराठवाड्याचा द्राक्षबागायतदार

दौलताबादच्या परिसरात द्राक्षांची लागवड प्राचीन काळापासून होत आली आहे. चौदाव्या शतकात या भागात आलेला प्रवासी इब्न बतूता याने आपल्या प्रवासवर्णनात दौलताबाद येथे द्राक्षे व डाळिंबे यांना वर्षातून दोनदा फळ येते, अशी नोंद करून ठेवली आहे. शीत प्रदेशातील लोकांना ही गोष्ट नवलाची वाटली तर त्यात आश्चर्य नाही. तेथे हिवाळ्यात वेल पूर्णपणे निद्रिस्त होते व वर्षातून एकदाच फळते. आपल्याकडे मात्र वेल झोपत नाही. तिला छाटणी करूनच शिस्त लावावी लागते. याच कारणाने आपले बागायतदार एप्रिलमध्ये खरड छाटणी करून काडी तयार करतात आणि पावसाळा ओसरल्यावर फळछाटणी करून पीक घेतात. छाटण्या दोन, परंतु पीक एकच, अशी ही पद्धती आहे.

अलीकडे छत्रपती संभाजीनगर (औरंगाबाद) व जालना या जिल्ह्यांतील काही बागायतदारांकडून वाईनच्या द्राक्षांविषयी, विशेषतः फेसाळ वाईनच्या द्राक्षांविषयी, विचारणा होत असते. फेसाळ वाईन म्हटली की शॅम्पेनचे नाव प्रथम घेतले जाते. ही कीर्ती त्या प्रदेशाने कशी मिळवली व कशी टिकवली, आणि त्यातून आपल्या शेतकऱ्याने काय घ्यावे व काय घेऊ नये, याचा विचार या लेखात केला आहे. मद्यपानाचा पुरस्कार करणे हा लेखाचा हेतू नाही. ज्या पिकात पाच-दहा वर्षांचे भांडवल अडकते, त्या पिकाची पूर्ण माहिती लागवडीपूर्वी शेतकऱ्यास मिळावी, एवढाच हेतू आहे.

शॅम्पेनचा प्रदेश

शॅम्पेन हे प्रथमतः एका प्रदेशाचे नाव आहे. फ्रान्सच्या ईशान्य भागात रँस व एपर्ने या दोन शहरांच्या आसपास हा प्रदेश पसरलेला असून त्यात सुमारे ३४,००० हेक्टर क्षेत्र द्राक्षाखाली आहे. तो ४९ अक्षांशाच्या जवळ आहे. आपला जिल्हा २० अक्षांशाच्याही किंचित खाली आहे. तेथील वार्षिक सरासरी तापमान सुमारे ११ अंश सेल्सिअस असते. वसंत ऋतूतील हिमकडाक्याने कोवळे डोळे जळून जाण्याचे भय तेथील शेतकऱ्यास सदैव असते.

पावसाचे वार्षिक मान मात्र आपल्याहून फारसे निराळे नाही. फरक वाटणीत आहे. तेथे तेवढाच पाऊस बारा महिन्यांत थोडा थोडा पडतो, आपल्याकडे तो चार महिन्यांत पडून जातो. शिवाय तेथील जमिनीखाली खडूच्या दगडाचे जाड थर आहेत. हा दगड स्पंजाप्रमाणे पाणी धरून ठेवतो व कोरड्या दिवसांत मुळांना पुरवतो. आपल्या काळ्या कसदार जमिनीत पाणी टिकते, परंतु निचरा मंद असतो. मुरमाड जमिनीत निचरा उत्तम, परंतु पाणी टिकत नाही. खडूच्या थराचे काम आपल्याकडे ठिबक संच व शेततळे यांनाच करावे लागते.

त्या प्रदेशात मुख्यत्वे तीन जाती लावतात : शार्दोने, पिनो न्वार व मनिये. यांपैकी पहिली पांढरी व उरलेल्या दोन काळ्या आहेत. काळ्या द्राक्षाचा रंग सालीत असतो, रसात नसतो. म्हणून घड अखंड ठेवून हलक्या हाताने पिळले म्हणजे काळ्या द्राक्षापासूनही पांढरा रस निघतो. याच कारणाने तेथे यंत्राने तोडणी करण्यास मनाई असून सर्व घड हातानेच तोडावे लागतात. ४,००० किलो द्राक्षांपासून २,५५० लिटरपेक्षा अधिक रस काढता येत नाही, असाही नियम आहे. अधिक पिळल्यास साल व बी यांतील तुरट द्रव्ये रसात उतरतात.

फेस कसा उत्पन्न होतो

द्राक्षरसातील साखरेवर किण्व वाढले म्हणजे मद्यार्क व कर्बवायू तयार होतात. साध्या वाईनमध्ये हा वायू हवेत निघून जातो. फेसाळ वाईनमध्ये तो बाटलीत कोंडून ठेवतात.

प्रथम आंबट रसाची साधी वाईन करतात. तीत दर लिटरला सुमारे २४ ग्रॅम साखर व थोडे किण्व घालून बाटल्या घट्ट बंद करतात. ४ ग्रॅम साखरेपासून साधारण एक वातावरण इतका दाब उत्पन्न होतो; म्हणजे २४ ग्रॅमपासून सहा वातावरणे. मोटारीच्या चाकातील हवेच्या दाबापेक्षा हा दाब दुपटीहून अधिक होय. म्हणूनच या बाटल्या जाड काचेच्या असतात व त्यांचे बूच तारेने आवळलेले असते. एकोणिसाव्या शतकात साखरेचे प्रमाण मोजण्याचे शास्त्र विकसित होण्यापूर्वी तळघरांत असंख्य बाटल्या फुटत असत.

काम संपल्यावर किण्व मरून तळाशी बसते. त्या गाळावर वाईन मुरू दिली म्हणजे तिला पावासारखा वास व गोलाई येते. शॅम्पेनच्या नियमाप्रमाणे बाटली भरल्यापासून किमान १५ महिने, व एकाच वर्षाच्या द्राक्षांची म्हणून विकावयाची असल्यास किमान ३ वर्षे, ती तळघरात ठेवावी लागते. त्यानंतर बाटल्या उलट्या कलत्या ठेवून रोज थोड्या फिरवतात, म्हणजे गाळ तोंडाशी येतो. ही युक्ती क्लिको या घराण्याच्या विधवा चालिकेच्या तळघरात १८१६ च्या सुमारास प्रचारात आली. शेवटी बाटलीचे तोंड गोठवून गाळाचा गोळा उडवून लावतात व उणी झालेली वाईन भरून नवे बूच बसवतात.

हे सर्व काम कारखान्याचे आहे. परवान्याशिवाय वाईन तयार करणे हा आपल्या राज्यात गुन्हा आहे, हे शेतकऱ्यांनी ध्यानात ठेवावे. परंतु या साऱ्या खटाटोपाचे यश एका गोष्टीवर अवलंबून असते व ती गोष्ट शेतातच ठरते. ती म्हणजे तोडणीच्या दिवशीची आम्लता. आंबटपणा नसलेल्या रसाची फेसाळ वाईन सपक लागते.

नावासाठी झालेला झगडा

शॅम्पेनची कीर्ती केवळ चवीने टिकली, असे समजणे चूक होईल. ती नियमांनी टिकली, आणि ते नियम करून घेण्यासाठी तेथील शेतकऱ्यांना रस्त्यावर यावे लागले.

गेल्या शतकाच्या आरंभी तेथील द्राक्षबागांवर फायलोक्झेरा या मुळावरील किडीचा प्रादुर्भाव झाला. वेली वाळू लागल्या. त्यातच १९१० चे पीक जवळजवळ बुडाले. याच वेळी काही व्यापारी बाहेरच्या प्रांतांतून स्वस्त द्राक्षे व वाईन आणून शॅम्पेनच्या नावाने विकत होते. ज्यांच्या जमिनीमुळे ते नाव झाले होते, त्यांचा माल मात्र पडून राहत असे किंवा मातीमोल दराने जात असे. १९११ च्या जानेवारीत व एप्रिलमध्ये शेतकऱ्यांच्या क्षोभाचा उद्रेक झाला. तळघरे फोडली गेली, वाईन रस्त्यावर ओतली गेली, लष्कर आणावे लागले.

पुढे १९२७ च्या कायद्याने प्रदेशाची सीमा व जाती निश्चित झाल्या. १९३६ मध्ये या नावास मूळस्थानाचे संरक्षण मिळाले. १९४१ मध्ये बागायतदार व वाईन-घराणी यांची संयुक्त समिती स्थापन झाली. या समितीत दोन्ही पक्षांना समान स्थान आहे. दर वर्षी हेक्टरी किती द्राक्षे घ्यावयाची, तोडणी केव्हा सुरू करावयाची, या गोष्टी तेथे ठरतात. आजही सुमारे ९० टक्के बागा सुमारे १६,००० बागायतदारांच्या मालकीच्या आहेत, तर बहुतेक विक्री मोठ्या घराण्यांच्या हाती आहे. दोघांनाही एकमेकांवाचून चालत नाही, आणि ही गोष्ट त्यांनी कागदावर उतरवून ठेवली आहे.

हा विचार आपल्याला परका नाही. जालन्याची मोसंबी व मराठवाड्याचा केसर आंबा यांना भौगोलिक मानांकन मिळाले आहे. प्रत्येक रेशमी लुगड्यास पैठणी म्हणता येत नाही, हे आपल्याकडे लहान मुलासही ठाऊक असते. शॅम्पेनचेही तसेच आहे. त्या प्रदेशाबाहेर, अगदी त्याच पद्धतीने केलेल्या वाईनला ‘फेसाळ वाईन’ एवढेच म्हणावे लागते.

महाराष्ट्रातील प्रयत्न

महाराष्ट्रात या पद्धतीची वाईन करण्याचा पहिला मोठा प्रयत्न पुणे जिल्ह्यातील नारायणगाव येथे झाला. १९८० नंतरच्या दशकात श्यामराव चौगुले यांनी शॅम्पेनमधील पायपर-हाइडसिक या घराण्याच्या तांत्रिक साहाय्याने तेथे फेसाळ वाईन तयार केली. ‘ओमर खय्याम’ या नावाने ती परदेशी बाजारात गेली. आपल्या पठारावरील द्राक्षांची फेसाळ वाईन होऊ शकते, हे त्या प्रयत्नाने सिद्ध केले.

राज्य शासनाने २००१ मध्ये द्राक्ष प्रक्रिया उद्योगाचे धोरण जाहीर केले व त्यानंतर नाशिक परिसरात वाईनचे कारखाने वाढले. मोएट व शाँदों या शॅम्पेनमधील प्रसिद्ध घराण्याच्या उद्योगसमूहाने २०१३ मध्ये नाशिकच्या द्राक्षांपासून केलेली फेसाळ वाईन भारतीय बाजारात आणली. तिचा कारखाना दिंडोरी तालुक्यात आहे. येथे एक गोष्ट लक्षात घेण्याजोगी आहे. जे घराणे एपर्नेमध्ये आपल्या बाटलीवर ‘शॅम्पेन’ लिहिते, त्याच समूहाच्या दिंडोरीच्या बाटलीवर तो शब्द नाही. पद्धत तीच असली तरी माती दुसरी आहे. दुसरीकडे, नाशिक खोऱ्याच्या वाईनलाही स्वतःचे भौगोलिक मानांकन प्राप्त झाले आहे.

परंतु याच काळातील दुसरा अनुभवही सांगितला पाहिजे. २००८ नंतर जागतिक मंदी आली व वाईनची मागणी घसरली. कारखान्यांच्या टाक्या भरलेल्या राहिल्या. अनेक बागायतदारांची द्राक्षे उचलली गेली नाहीत, काहींचे पैसे अडकले. पुष्कळांनी वाईनच्या वेली उपटल्या, किंवा त्यांवर खाण्याच्या जातींचे कलम केले. खाण्याचे द्राक्ष व्यापाऱ्याने नाकारले तर स्थानिक बाजारात नेता येते, नाहीतर त्याचा बेदाणा करता येतो. वाईनच्या द्राक्षाचा मणी लहान, बियांचा व जाड सालीचा असतो. कारखान्याने ते घेतले नाही तर त्यास दुसरे गिऱ्हाईक मिळत नाही. वाईनच्या द्राक्षाची लागवड करू इच्छिणाऱ्याने सर्वांत आधी याच गोष्टीचा विचार करावा.

आपल्या हवामानातील अडचण

द्राक्षात मुख्यतः दोन आम्ले असतात : टार्टारिक व मॅलिक. उष्ण रात्री मॅलिक आम्ल श्वसनक्रियेत खर्च होते. शॅम्पेनमध्ये थंडीमुळे आम्लता टिकते व साखर कशी भरेल ही चिंता असते. आपल्याकडे साखर सहज भरते, आम्लता मात्र हातातून निसटते. तेथेही हवामान तापू लागल्यापासून तोडणी पूर्वीपेक्षा लवकर करावी लागत आहे.

फेसाळ वाईनसाठी द्राक्षे सुमारे १८ ते १९ ब्रिक्सला व आम्लता लिटरला ८ ते १० ग्रॅम असताना तोडणे इष्ट असते. साध्या वाईनची द्राक्षे २२ ते २४ ब्रिक्सपर्यंत वेलीवर ठेवतात. मराठवाड्यात डिसेंबर व जानेवारीच्या रात्री थंड असतात. फेब्रुवारीच्या उत्तरार्धापासून उन्हाचा ताव झपाट्याने वाढतो. म्हणून तोडणी जानेवारीतच आटोपली पाहिजे. फळछाटणीपासून तोडणीपर्यंत सुमारे चार महिने धरल्यास छाटणी सप्टेंबरमध्ये करावी लागते.

येथेच खरी अडचण उभी राहते. सप्टेंबरमध्ये आपल्याकडे परतीचा पाऊस चालू असतो. कोवळ्या फुटीवर व पोंग्यातील घडांवर पाणी साचले की केवडा रोग पसरतो, आणि चार दिवसांच्या झडीत हंगाम जाऊ शकतो. छाटणी उशिरा केली तर रोग टळतो, परंतु आम्लता जाते. ज्याने वाईनची बाग धरली, त्याने ही जोखीम दर वर्षी पत्करावी लागते. सर्व क्षेत्राची छाटणी एकाच दिवशी न करता आठ-दहा दिवसांच्या अंतराने टप्प्याटप्प्याने करणे हा त्यातल्या त्यात सुरक्षित मार्ग होय. ओळींत हवा खेळती राहील अशी वळण पद्धत ठेवावी व फुटींची विरळणी वेळेवर करावी.

दुसरा प्रश्न पाण्याचा. २०१२-१३ व २०१५-१६ च्या दुष्काळांत मराठवाड्यातील अनेक बागा टँकरच्या पाण्यावर जगवाव्या लागल्या, व कित्येक तशाही जगल्या नाहीत. जालना तालुक्यातील कडवंची गावाने पाणलोटाची कामे व शेततळी यांच्या बळावर द्राक्षशेती उभी केली, हे उदाहरण डोळ्यांपुढे ठेवण्यासारखे आहे. त्या गावाने आधी पाणी अडविले व मग बागा वाढविल्या. उलट क्रम घातक ठरतो. शॅम्पेनमध्ये किडीपासून बचावासाठी अमेरिकन खुंटावर कलमे केली गेली. आपल्याकडे पाण्याचा ताण व क्षार यांसाठी खुंटाचा उपयोग होतो. माती व पाणी यांची तपासणी करून, पुण्याजवळ मांजरी येथील राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्राच्या सल्ल्यानेच खुंटाची निवड करावी.

आम्लता तपासण्याची रीत

साखर मोजण्याचे रिफ्रॅक्टोमीटर बहुतेक बागायतदारांकडे असते. आम्लतेची तपासणी मात्र कारखान्यावर सोपविली जाते. वास्तविक ती कठीण नाही.

१. सकाळच्या वेळी ओळीच्या दोन्ही बाजूंनी, घडाच्या वरून, मधून व खालून मिळून १०० मणी निवडावेत. केवळ चांगले दिसणारे मणी घेऊ नयेत.

२. ते कुस्करून रस स्वच्छ फडक्यातून गाळावा व ब्रिक्स पाहावे.

३. त्यातील १० मिलिलिटर रस काचेच्या भांड्यात घेऊन थोडे शुद्ध पाणी व फिनॉल्फ्थॅलिनचे दोन-तीन थेंब घालावेत.

४. ०.१ नॉर्मल कॉस्टिक सोड्याचे द्रावण मापनळीतून थेंबथेंब सोडावे. फिकट गुलाबी रंग टिकला की थांबावे.

५. लागलेल्या मिलिलिटरांस ०.७५ ने गुणल्यास लिटरमागे आम्लता ग्रॅममध्ये मिळते. उदाहरणार्थ, १२ मिलिलिटर लागल्यास आम्लता ९ ग्रॅम होय.

कॉस्टिक सोडा त्वचेस व डोळ्यांस अपायकारक आहे. हातमोजे व चष्मा वापरावा आणि द्रावण मुलांच्या हाती लागू देऊ नये. ही रीत पांढऱ्या जातींच्या रसासाठी योग्य आहे. मणी मऊ पडू लागल्यापासून दर चार दिवसांनी तपासणी करून आकडे वहीत मांडावेत. आम्लता कोणत्या वेगाने उतरते हे दोन हंगामांत कळून येते, आणि तोडणीचा दिवस ठरविताना शेतकरी कारखान्याच्या प्रतिनिधीशी माहितीच्या बळावर बोलू शकतो.

लागवडीपूर्वी करावयाचा करार

रोप लावण्यापूर्वी कारखान्याशी लेखी करार व्हावा. तोंडी आश्वासनावर विसंबू नये. करारात पुढील गोष्टी स्पष्ट असाव्यात :

जात व खुंट कोणता, आणि करार किती वर्षांचा, किलोचा दर कोणता, व ब्रिक्स किंवा आम्लता कमीअधिक झाल्यास तो किती बदलेल, नमुना कोणी व कोणासमोर काढावयाचा, एकरी उत्पन्नाची मर्यादा किती, तोडणीची तारीख कोण ठरविणार व वाहतुकीचा खर्च कोणाचा, वजनकाटा कोणता, पैसे किती दिवसांत मिळणार, आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे ठरल्या दिवशी माल उचलला गेला नाही तर भरपाई काय.

शेवटच्या कलमास नकार मिळत असेल, तर लागवडीचा बेत पुढे ढकलणेच शहाणपणाचे ठरेल. शक्य तेथे पाच-दहा बागायतदारांनी गट करून एकत्र करार करावा. एकट्याचा शब्द हलका पडतो, गटाचा पडत नाही. तसेच सर्व क्षेत्र वाईनच्या जातीखाली न आणता त्याचा लहान हिस्साच प्रथम लावावा.

समारोप

शॅम्पेनचा खडू, तेथील थंडी व तेथील नाव आपल्याला आणता येणार नाही; आणण्याचे कारणही नाही. दौलताबादच्या द्राक्षांची कीर्ती सहाशे वर्षांपूर्वी परक्या प्रवाशाच्या लेखणीत उतरली होती, आणि ती आपल्याच मातीची होती. शॅम्पेनपासून घ्यावयाचा धडा निराळा आहे. मोजून पिकवावे, ठरल्या दिवशी तोडावे, आणि जो माल विकत घेतो त्याच्याशी बरोबरीच्या नात्याने, लेखी अटींवर व्यवहार करावा. तेथील बागायतदारांना ही गोष्ट १९११ च्या कडू अनुभवातून शिकावी लागली. आपल्या काही बांधवांनी २००८ नंतर ती किंमत मोजली आहे. जे नव्याने या पिकाकडे वळत आहेत, त्यांनी पहिला खड्डा खणण्यापूर्वी पाणी, आम्लता व करार या तीन गोष्टींची खात्री करून घ्यावी.